‘डू’ आणि ‘करणे’: एका समीकरणाची चिकित्सा

इंग्रजीतील ‘डू’ ह्या क्रियापदाचा अर्थ ‘करणे’ असा सांगून शालेय व्याकरणे मोकळी होतात. व्यवहारापुरते हे समीकरण चालते; व्युत्पत्तीच्या व प्रयोगाच्या दृष्टीने मात्र ते दिशाभूल करणारे आहे.

‘डू’चा मूळ इंडो-युरोपीय धातू ‘ठेवणे, स्थापणे’ ह्या अर्थाचा होता. संस्कृतात त्याचा सगोत्र ‘कृ’ नसून ‘धा’ होय. ‘विधान’, ‘निधी’, ‘श्रद्धा’ हे त्याचे भाऊबंद मराठीत नित्य वावरतात; ‘करणे’ हे त्या कुळातील नव्हे.

प्रयोगाचा प्रश्न अधिक बिकट आहे. ‘डू यू नो?’ ह्या वाक्यातील ‘डू’मध्ये करण्याची छटाही नाही, प्रश्न, काळ व पुरुष ह्यांचा भार तेवढा ते वाहते. शेक्सपिअरच्या काळी ‘आय नो नॉट’ आणि ‘आय डू नॉट नो’ ही दोन्ही वळणे प्रचारात होती.

हा रिकामा ‘डू’ आला कोठून? आल्व्हार एलेगोर्ड ह्यांनी १९५३ साली त्याचा उगम प्रयोजक ‘डू’मध्ये, म्हणजे ‘करविणे’ ह्या अर्थात शोधला. शहाजहानने ताजमहाल ‘बांधला’ असे आपण सहज म्हणतो. ‘बांधविला’ म्हणण्याची गरज कोणास भासत नाही. कर्ता स्वतः करतो की करवितो हा भेद असा निरर्थक ठरला, की प्रयोजकाचे चिन्ह पोकळ होते. ही उपपत्ती पटण्याजोगी आहे.

जॉन मॅकव्होर्टर ह्यांनी २००८ साली वेल्श व कॉर्निश ह्यांच्या प्रभावाचा पक्ष हिरिरीने मांडला. त्या भाषांतही असे साहाय्यक क्रियापद आहे, हे खरे. परंतु संपर्क पाचव्या शतकापासूनचा, आणि ह्या ‘डू’चे स्पष्ट दाखले तेराव्या शतकातील! लेखनाची प्रमाणभाषा बोलीला झाकून ठेवीत होती, हे त्यावरील उत्तर पुरेसे नाही. कारण ती प्रमाणभाषा वेसेक्सची, आणि ‘डू’चे आरंभीचे दाखलेही नैर्ऋत्य इंग्लंडचेच.

ह्या धातूने व्याकरणात शिरकाव करण्याची ही पहिलीच वेळ नसावी. ‘वर्क्ड’मधील भूतकाळवाचक प्रत्यय ह्याच धातूचा अवशेष आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. गॉथिक भाषेतील ‘-देदुम’ हे अनेकवचनी रूप त्यांच्या बाजूने बोलते. एकवचनी ‘-दा’चा उलगडा मात्र त्याने तितक्या सरळपणे होत नाही.