दिल्लीची गादी आणि माहीमची वाडी

मंगोल, खिलजी, तुघलक, मुघल ही नावं आली की आपल्या डोळ्यांसमोर नकाशा येतो. त्यावर बाण असतात: मध्य आशियातून दिल्लीकडे, दिल्लीतून दक्षिणेकडे. शाळेच्या पुस्तकात तेच, यूट्यूबच्या व्हिडिओतही तेच. बाण जिथे संपतो तिथे राहणाऱ्या माणसाला हे सगळं कसं दिसलं असेल, हा प्रश्न नकाशावर मावत नाही. त्याचं एक उत्तर आमच्या पालघर जिल्ह्यात आहे. त्याचं नाव 'महिकावतीची बखर'.

महिकावती म्हणजे पालघरच्या पश्चिमेचं, केळव्याला लागून असलेलं माहीम. आज आपण तिथे बीचवर जातो आणि येताना वाडीतली केळी घेऊन येतो. माझं लहानपण बोईसरला, तारापूर एमआयडीसीच्या शेजारी गेलं. अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या या गावावर एक अख्खी बखर आहे, हे शाळेत कोणी सांगितलं नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती संपादित करून 1924 साली छापली. बखर एकाच माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाही. तिची प्रकरणं वेगवेगळ्या काळातली आहेत, काही गद्यात आणि काही पद्यात. त्यातला महत्त्वाचा भाग केशवाचार्य नावाच्या लेखकाने शके 1370 मध्ये, म्हणजे 1448 साली रचला. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा जवळपास दोन शतकं बाकी होती.

ही बखर नीट वाचायची तर आधी थोडं लांब जावं लागतं. तेराव्या शतकाच्या शेवटी मंगोल फौजा दिल्ली सल्तनतीवर पुन्हा पुन्हा चालून येत होत्या. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली. ती लूट त्याने गादी मिळवण्यासाठी वापरली. पण गादीवर बसल्यावर 1299 मध्ये किलीला मंगोलांशी मोठी लढाई झाली आणि 1303 मध्ये तर मंगोल थेट दिल्लीपर्यंत आले. त्यांना थोपवायला प्रचंड खडी फौज हवी होती आणि तिला पगार द्यायला पैसा. त्यासाठी दोआबातल्या शेतकऱ्यावर निम्म्या पिकाचा सारा बसला, दिल्लीच्या बाजारात धान्याचे भाव बांधले गेले. दक्षिणेतून येणारी खंडणीही त्याच खजिन्यात जमा होत होती. देवगिरीचे यादव आधी मांडलिक झाले आणि 1317-18 च्या सुमारास संपलेच.

बखर या साखळीचं शेवटचं टोक सांगते. देवगिरीवर संकट आलं तेव्हा रामदेवरावाचा मुलगा बिंबदेव कोकणात उतरला आणि त्याने राज्य मांडलं, अशी तिची एक कथा. दुसऱ्या ठिकाणी प्रतापबिंब शके 1060 मध्ये, म्हणजे 1138 साली आलेला दिसतो. दोन बिंबांमध्ये दीडशे वर्षांचं अंतर आहे, आणि बखरीत ते एकमेकांत मिसळतात. तारखांसाठी बखरीवर डोळे झाकून विसंबणाऱ्याची फसगत ठरलेली. पुढे निका मलिक नावाचा सुलतानी सरदार चालून येतो आणि बिंबांचं राज्य बुडतं.

पण बखरीत सर्वांत जास्त जागा कशाला मिळते ते पाहिलं पाहिजे. लढाया येतात आणि थोडक्यात आटोपतात. लेखणी खरी रेंगाळते ती कुळांपाशी. बिंबाबरोबर 66 कुळं आली, कोणाचं गोत्र काय, कोणाला कोणतं गाव मिळालं, कोणत्या गावचं वतन कोणाकडे राहिलं. तुमच्या-आमच्यासारखा वाचक तिथे हमखास कंटाळतो आणि बोट स्क्रोल करू लागतं.

राजवाडे कंटाळले नाहीत, ते संतापले. त्यांची प्रस्तावना हा मराठी इतिहासलेखनातला एक जबरदस्त मजकूर आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: राजे आले आणि गेले, पण इथल्या बहुसंख्य लोकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. जमीन सुपीक, अन्न सहज मिळणारं, त्यामुळे राज्यसंस्था कोणाची आहे याची फिकीर करण्याची गरजच त्यांना पडली नाही. म्हणून मूठभर परके इथे राज्य करू शकले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजांच्या राज्यात जगणारा माणूस हे लिहितो आहे. 'आपण गुलाम का झालो?' हा प्रश्न त्याच्या छातीवर बसलेला आहे. ती तळमळ खरी आहे. मला पटत नाही तो निष्कर्ष.

आमच्या एमआयडीसीतलं उदाहरण देतो. कंपनी विकली जाते, गेटवरचा बोर्ड बदलतो. कामगार पहिली चौकशी कसली करतो? जुनी सर्व्हिस धरली का, पीएफ नव्या खात्यात आला का, ग्रेड तोच राहिला का. नवा मालक कोण याचं त्याला काही वाटत नाही, असा याचा अर्थ कोणी काढत नाही. मालक निवडणं त्याच्या हातात नसतं. जे हातात असतं ते तो घट्ट धरतो.

1448 मध्ये नेमकं हेच घडतं. निका मलिकाच्या स्वारीला शंभर वर्षं झाली आहेत, उत्तर कोकणात आता गुजरातच्या सुलतानांची सत्ता आहे. मालाडच्या नायकोराव नावाच्या देसल्याला देवी दृष्टांत देते, लोक जमतात आणि केशवाचार्य वंश, कुळं, वतनं सांगतो. 'महाराष्ट्रधर्म' हा शब्द याच बखरीत भेटतो. आज तो शब्द ऐकला की आपल्याला तलवार आणि भगवा झेंडा आठवतो. केशवाचार्याच्या सभेत मात्र गेलेलं राज्य परत घेण्याची मोहीम ठरत नाही. कोण कोणाचा, कोणाचा आचार काय, कोणाचा हक्क कुठला, याची घडी पुन्हा बसवली जाते. याला उदासीनता म्हणता येणार नाही. वरची सत्ता कितीदाही बदलो, खालची नोंद पुसली जाऊ नये यासाठी केलेलं ते राजकारण आहे.

मात्र म्हणून बखरीला 'लोकांचा आवाज' म्हणून डोक्यावर घ्यायचं कारण नाही. हा आवाज वतनदाराचा आहे. ज्याच्याकडे गमावण्यासारखं वतन होतं त्याने आपली नोंद जपली. शेतात राबणाऱ्या, जंगलात राहणाऱ्या माणसाच्या बाजूने इथे कोणी बोलत नाही. राजवाडे 'लोक' म्हणतात आणि समोर ठेवतात वतनदारांचा कागद. त्यांच्या युक्तिवादातला सगळ्यात कच्चा दुवा मला हाच वाटतो.

तो कागद बाजूला ठेवून पूर्वेला घाट चढून जव्हारला गेलं, तर गोष्ट उलटीच ऐकू येते. जव्हारचं मुकणे घराणं महादेव कोळ्यांचं. जयाबा मुकणे याने हे राज्य उभं केलं. त्याचा मुलगा नेमशाह याला दिल्लीच्या सुलतानाने 5 जून 1343 रोजी राजा म्हणून मान्यता दिली, अशी संस्थानची परंपरा सांगते. त्या दिवसापासून संस्थानात वेगळा शक मोजला जायचा आणि तो सरकारी कागदांवर लिहिला जायचा. तेव्हा दिल्लीत मुहम्मद तुघलक होता. त्यानंतर पाचच वर्षांनी, शके 1270 मध्ये म्हणजे 1348 साली, बखरीतला निका मलिक माहीमवर येतो. आज एकाच जिल्ह्यात असलेली ही दोन गावं. किनाऱ्यावर सुलतान म्हणजे राज्य बुडवणारा, डोंगरात सुलतान म्हणजे राजा म्हणून मान देणारा. 'मुसलमानी सत्तेचा अनुभव' असं एकवचनी काही पालघरपुरतंसुद्धा सापडत नाही, मग आशियाभराचं काय सांगावं!

आणि बाण दिल्लीत थांबत नाहीत. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. त्याला धास्ती हुमायूनची होती, तैमूरच्या वंशातल्या आणि आजीकडून चंगीझखानाशी नातं सांगणाऱ्या बादशहाची. त्या तहानंतर केळवे, माहीम, तारापूर या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत टिकले. तारापूरच्या किल्ल्यासमोर बाजी भिवराव पडला तो त्याच मोहिमेत. म्हणजे मंगोल फौजा कधी कोकणात उतरल्या नाहीत, तरी त्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या धक्क्याने आमच्या किनाऱ्यावरचे मालक दोनदा बदलले.

आज फोनवर येणाऱ्या इतिहासाला एकच प्रश्न विचारता येतो: तेव्हा आपण जिंकलो की हरलो? त्यातला 'आपण' आधीच ठरलेला असतो. महिकावतीची बखर वाचली की तो 'आपण' इतका सोपा राहत नाही. बिंबाबरोबर आलेली कुळंसुद्धा बाहेरूनच आली होती, आणि त्यांना गावं मिळाली तेव्हा तिथे आधीपासून कोणीतरी राहतच होतं. ते कोण, हे बखर सांगत नाही, कारण त्यांचं वतन नव्हतं.

म्हणून ही बखर वाचाच, आणि राजवाड्यांच्या प्रस्तावनेसकट वाचा. प्रस्तावना वाचताना चिडा, भांडा. आणि कुळांच्या याद्या आल्या की लगेच पुढे स्क्रोल करू नका. साम्राज्यांखाली जगणाऱ्या माणसांना काय टिकवायचं होतं ते तिथेच लिहिलं आहे. कोणाला लिहिताच आलं नाही, हेही त्याच याद्यांतून कळतं.