एका चक्कीतला राजा

फारसी नाटक म्हटले की आपल्याला मुंबईची पारशी रंगभूमी आठवते. पण हे इराणचे नाटक. तिथल्या राष्ट्रवादी नाटकांची नाळ एका पराभवाशी जुळलेली आहे. पारशी सन ज्याच्या राज्यारोहणापासून मोजतात, तो शेवटचा सासानी सम्राट यज्दगर्द अरब फौजांपुढे पळत सुटला आणि इ.स. ६५१ मध्ये मर्वजवळ एका पिठाच्या चक्कीत मारला गेला, असे सांगतात.

विसाव्या शतकात रशिया-ब्रिटनच्या दडपणाखाली इराण पिचत असताना लेखकांनी हीच जखम उघडली. मीरजादे इश्कीने बगदादजवळचा सासानी राजवाड्याचा भग्नावशेष पाहून संगीतिका लिहिली. तीत प्राचीन राजे उठून देशाची दैना पाहून हळहळतात. सादिक हेदायतच्या ‘परवीन, सासानकन्या’ (१९३०) मध्ये नायिका अरब सरदाराच्या हाती लागण्यापेक्षा मरण पत्करते. हेदायत मोठा लेखक. पुढे तो मुंबईत पहलवी शिकला, त्याची ‘आंधळे घुबड’ ही कादंबरी १९३७ साली मुंबईतच प्रथम निघाली. हे नाटक मात्र मला एकसुरी वाटते. इराणी तेवढे सद्गुणी, अरब तेवढे दुष्ट! अशाने टाळ्या मिळतात, माणसे भेटत नाहीत.

बहराम बैजाई यांनी ‘यज्दगर्दचा मृत्यू’ (१९७९) मध्ये त्याच चक्कीत खटला उभा केला. आरोपी चक्कीवाला, त्याची बायको आणि मुलगी. तिघे आळीपाळीने राजा होतात आणि दर वेळी हकिगत बदलते. राजाने आम्हाला काय दिले, हा गरिबांचा सवाल सरदारांना झोंबतो. शेवटी शत्रूची फौज दारात येते, आणि राजा नेमका कसा मेला ते आपल्याला कळत नाहीच.