‘ईदगाह’मधील चिमटा

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (१९३३) ही हिंदी कथा पाठ्यपुस्तकांतून त्यागाचा धडा म्हणून शिकविली जाते. आमच्या मते तिचे मर्म निराळे आहे. रमजानच्या तीस रोज्यांनंतरच्या नमाजात धनिक व निर्धन एका रांगेत नतमस्तक होतात. परंतु ती रांग मोडून जत्रेत शिरताच ज्याची त्याची ऐपत उघडी पडते. सोबती मातीची खेळणी घेतात. पोरका हामिद, तव्यावर जिची बोटे पोळतात त्या आजीकरिता, आपल्या तीन पैशांत चिमटा घेतो. अमीना रडते, तेथेच कथा पूर्ण होते. त्याआधी येणारे, बालक वृद्ध व वृद्धा बालिका झाली, हे लेखकाचे भाष्य अनावश्यक होय. दारिद्र्याने हिरावलेल्या बालपणास केवळ त्याग म्हणून गौरविणे ही डोळेझाकच नव्हे काय?