पेटीतली फौज आणि शत्रूचा चेहरा

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेल्या चित्रांकडे समीक्षेच्या नजरेने सहसा कोणी पाहत नाही. किल्ला मुलांचा, माती अंगणातली, उतारावर पेरलेले अळीव चार दिवसांचे. पण पेटीतून मावळा काढून बुरुजावर ठेवणारे पोर एक निवाडा करत असते. हा इथे शोभतो, तो तिथे शोभत नाही. गवळण दरवाजापेक्षा उंच असली तरी चालते, पण बंदूकधारी प्लॅस्टिकचा शिपाई तटावर उभा केला की थोरला भाऊ तो उचलून बाजूला ठेवतो. प्रमाण चुकलेले खपते, काळ चुकलेला खपत नाही. हा नियम कोणी लिहिलेला नाही, तरी तो पाळला जातो. या लेखात विचार करायचा आहे तो अशाच निवडीचा, फक्त थोड्या अवघड जागी. जी फौज कधी अस्तित्वातच नव्हती, ती मांडायची तर पेटीतली कोणती चित्रे घ्यायची?

पाश्चात्य देशांत हा प्रश्न छंदाचा झाला त्याला बराच काळ लोटला. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात शिशाच्या शिपायांनी खेळायच्या लढाईचे नियम लिहिले. पुढे मोठ्या माणसांनी हा खेळ इतिहासाकडे नेला आणि रोमन, नॉर्मन, नेपोलियनच्या पलटणी अशा नमुनाबरहुकूम छोट्या मूर्ती तयार होऊ लागल्या. त्यांतलेच एक इंग्रज खेळाडू टोनी बाथ यांनी 1950 च्या दशकात एक वेगळाच उद्योग आरंभला. रॉबर्ट हॉवर्ड या अमेरिकन लेखकाने कॉननच्या कथांसाठी कल्पिलेले जग त्यांनी नकाशावर घेतले आणि तिथल्या राज्यांच्या फौजा प्राचीन व मध्ययुगीन सैनिकांच्या मूर्तींनी उभ्या केल्या. काल्पनिक देशांसाठी वेगळ्या मूर्ती बाजारात नव्हत्या. असत्या तरी हॉवर्डच्या जगाला त्यांची फारशी गरज नव्हती, कारण ते जगच मुळी इतिहासाच्या उसनवारीवर उभे होते. त्यात इजिप्तसारखा स्टिजिया आहे आणि हिंदुस्थानसारखा 'वेंध्या' नावाचा देशही आहे. 1934 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कथेत या वेंध्याची राजधानी अयोध्या आहे आणि तिथले सरदार क्षत्रिय आहेत. विंध्याच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या नावात आपला डोंगर ओळखू यावा, इतकी ती उसनवारी उघडी आहे.

उसनवारीत स्वतःहून काही वाईट नाही. कल्पनेला कापड लागतेच आणि ते इतिहासाच्या दुकानातूनच येते. आपल्याकडे नाथमाधवांनी 'वीरधवल'सारखी अद्भुत कादंबरी लिहिली आणि शिवकालावरच्या कादंबऱ्याही लिहिल्या. एकाच लेखणीला दोन्ही जगे सारखीच जवळची होती. अडचण येते ती पुढे. उसना घेतलेला नग हळूहळू मूळ वस्तूची जागा घेतो. 1971 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले आणि त्याला राक्षस, जादूगार, ड्रॅगन यांची पुरवणी जोडली. गायगॅक्स यांना खेळात नवनवे राक्षस हवे होते. स्वस्त खेळण्यांच्या पिशवीत धड कोणत्याच प्राण्यासारखी नसलेली काही प्लॅस्टिकची जनावरे मिळाली, ती त्यांनी पटावर आणली आणि त्यांना नावे व गुणधर्म दिले. आज जगभरचे खेळाडू त्या राक्षसांना ओळखतात, त्यांची चित्रे काढतात, पण तो आकार कोणा खेळणीवाल्याच्या साच्यातून आला हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. सोयीसाठी केलेली निवड दोन पिढ्यांत परंपरा होऊन बसते. म्हणूनच पहिली निवड कोणत्या कारणाने केली, हे तपासावे लागते.

या तपासणीला सर्वांत उपयोगी उदाहरण टॉल्किनचे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954-55 मध्ये प्रसिद्ध झाले. 1958 मधल्या एका पत्रात टॉल्किनने वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितले की, रोहनच्या घोडेस्वारांना बायोच्या नक्षीपटावरचा, म्हणजे अकराव्या शतकातल्या नॉर्मन-इंग्रज लढाईचा, पेहराव बऱ्यापैकी शोभेल. गोंडोरच्या लोकांची तुलना त्याने प्राचीन इजिप्शियनांशी केली. मूर्ती निवडणाऱ्यांना हा मोठाच आधार मिळाला. पण शत्रूपक्षाचे काय? दक्षिणेकडून येणारे हराद्रिम कादंबरीत सावळ्या वर्णाचे आहेत, त्यांच्या अंगावर लाल वस्त्रे आणि पितळी पत्र्यांची चिलखते आहेत, आणि त्यांच्याबरोबर प्रचंड हत्ती आहेत. एवढी खूण मिळाली की निवड करणाऱ्याचा हात पेटीच्या कोणत्या कप्प्याकडे जाईल, हे सांगायला नको. कार्थेज, इराण, अरबस्तान, हिंदुस्थान. नायकांना युरोपचे पूर्वज मिळाले आणि अंधाराच्या चाकरीतल्या फौजेला उरलेल्या जगाचे.

टॉल्किनवर हा ठपका सरसकट ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. त्याच कादंबरीत सॅम नावाचा साधा बागकामवाला एका मेलेल्या हराद्रिम शिपायाकडे पाहून विचारात पडतो. याचे नाव काय असेल, हा खरोखर मनाने दुष्ट असेल का, की कोणाच्या थापांनी वा धमक्यांनी घरापासून इतक्या लांब आला असेल? लेखकाने शत्रूला तेवढा एक क्षण दिला आहे. मूर्तीला तो देता येत नाही. बोटभर उंचीच्या शिपायाला अंतर्मन नसते. त्याच्याकडे फक्त पागोटे, ढाल आणि रंग असतो. कादंबरीत जी शंका शिल्लक राहते ती पटावर गळून पडते, आणि पोशाख हाच स्वभाव ठरतो. या छंदावरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

याहून वेगळी रीत आपल्याकडे होती आणि आहे. बुद्धिबळाच्या पटावर चतुरंग सेनेची सोंगटी झाली, पण दोन्ही बाजूंना तीच सोंगटी. तोच हत्ती, तोच घोडा, तोच उंट, तोच वजीर. फरक केवळ रंगाचा, आणि पुढच्या डावात तोही बदलून घेता येतो. अकबराच्या दरबारात 1580 च्या दशकात महाभारताचे फारसी भाषांतर 'रझ्मनामा' या नावाने तयार झाले आणि चितारले गेले. द्वापरयुगातली फौज कशी दिसत होती, हे त्या चित्रकारांपैकी कोणी पाहिले नव्हते. त्यांनी मुघल काळातली चिलखते, जामे, धनुष्ये आणि पाखर घातलेले घोडे काढले. काळाच्या दृष्टीने ही चूकच. पण कौरवांनाही तेच आणि पांडवांनाही तेच. परक्याचा पोशाख देऊन कोणाला पापी ठरवले नाही. भावकीतले युद्ध भावकीसारखेच दिसले. इतिहासातला पेहराव अद्भुत कथेला देण्याचा याहून शहाणा मार्ग मला ठाऊक नाही.

नागपूरकराला या प्रश्नाची चव वेगळ्या वाटेनेही ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा भरतो. ज्या लेकरांना खरा बैल आवरत नाही, ती लाकडी नंदी सजवून नेतात. ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केली असे सांगतात. मोठ्या वस्तूच्या जागी लहान वस्तू मानाने कशी उभी करावी, याचा तो वस्तुपाठ. आणि त्याच दिवशी महाल-इतवारीच्या रस्त्यांवरून मारबत निघते. काळ्या मारबतीत पुराणातली पूतना आहे, आणि इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून बांकाबाई भोसले आहेत, अशी सांगी आहे. रोगराई आणि इडापीडा घेऊन जा, असे साकडे घालत तो पुतळा गावाबाहेर नेऊन जाळतात. पुराणातल्या राक्षसीला इतिहासातल्या बाईचा चेहरा मिळाला. 1818 नंतर अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या वतीने, इंग्रज रेसिडेंटच्या नजरेखाली कारभार पाहणाऱ्या त्या बाईंपुढे कोणते पर्याय होते, हा इतिहासाचा प्रश्न. पुतळ्याला तो विचारता येत नाही. म्हणजे शत्रूला चेहरा देण्याची चूक फक्त पश्चिमेची, असे म्हणायला आपल्याला जागा नाही.

आता प्रश्न उलटा करू. पटावर नागपूरचीच फौज मांडायची तर पेटीतले कोणते चित्र घ्यायचे? बाजारात मिळतो तो मावळा. आखूड अंगरखा, हाती ढाल-तलवार, सह्याद्रीच्या कड्यावर चढणारा. भोसल्यांची फौज त्यात बसत नाही. ती मुख्यतः घोडदळाची. त्यात स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर असा भेद होता. पुढच्या काळात तर तिचा रंग आणखी मिश्र झाला. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली तेव्हा आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने अरब शिपाई लढले, आणि दरबार नमल्यावरही ते अरब डिसेंबरपर्यंत शहर धरून होते. म्हणजे ज्या अरबी पेहरावाची मूर्ती परदेशी खेळाडू अंधाराच्या सेनेत घालतो, तीच मूर्ती नागपूरचा किल्ला मांडणाऱ्याने आपल्या बाजूला, तटाच्या आत उभी करायला हवी. ती तिथे दिसत नाही, कारण साच्यात एकच मावळा आहे.

याच फौजेचे दुसरे चित्र पूर्वेकडे आहे. 1742 पासून पहिल्या रघूजींचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेले. त्या धास्तीने कलकत्त्याच्या इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो मराठा खंदक म्हणूनच ओळखला गेला. 1744 मध्ये अलिवर्दीखानाने भास्कररामांना भेटीला बोलावून दगा केला. 1751 च्या तहाने ओरिसा भोसल्यांकडे आला आणि बंगालची सालाना 12 लाख रुपये चौथाई ठरली. आपल्या पुस्तकांत हा पराक्रमाचा अध्याय आहे. बंगालीत बारगीरचा 'बर्गी' झाला, आणि तो आजही मुलांना झोपवण्याच्या गाण्यात येतो, दाराशी आलेले संकट म्हणून. त्याच सुमारास गंगाराम या कवीने बंगालीत 'महाराष्ट्र पुराण' रचले. त्यात पापाने जड झालेल्या पृथ्वीची तक्रार देवांकडे जाते आणि शंकराच्या योजनेने मराठी फौज शासन करायला येते. पण ती ब्राह्मणांना आणि स्त्रियांनाही छळू लागते, तेव्हा देवीची कृपा फिरते आणि भास्करराम मारले जातात. एकाच काव्यात एकच फौज आधी देवाचे हत्यार आणि मग पाप. गंगारामाने आपल्याला राक्षस ठरवले असे म्हणून हे सोडून देता येणार नाही. ज्यांची गावे जळली त्यांच्या बाजूने तो लिहीत होता.

समजा, एखादा खेळाडू काल्पनिक जगासाठी बारगीर निवडतो. त्याला कोणती भूमिका द्यावी? अभिमान म्हणेल, रोहनचे स्वार. दोन्ही घोड्यावर जगणारे लोक. पण पागोटे बाजूला ठेवून काम पाहिले तर जुळणी बसत नाही. रोहनचे स्वार चिलखत घालून, भाले रोखून, फळी धरून शत्रूवर आदळतात. बारगीर हलका, बुणगे मागे ठेवून धावणारा, समोरासमोरची लढाई टाळून मुलखावर आणि रसदेवर घाव घालणारा. कामाच्या मापाने तो कोणत्याही अद्भुत कथेतल्या वेगवान चढाईखोरांच्या जागी चपखल बसतो, आणि अशा कथांत चढाईखोर बहुतेक वेळा खलपक्षाचे असतात. इथे आपल्याला अवघडल्यासारखे होते. ते अवघडलेपण टाळू नये. हराद्रिम म्हणून हत्तीवरचा हिंदी माहूत रंगवला जातो तेव्हा आपल्याला जे खटकते, तेच बंगाली वाचकाला आपल्या किल्ल्यापुढे खटकू शकते.

यावर खेळाडूंचे उत्तर ठरलेले आहे. हा खेळ आहे, आणि तीन फुटांवरून कोण कोणाचा हे ओळखू यायला हवे. उत्तर खोटे नाही. ओळख हवीच. पण ती निशाणाने, रंगाने, ढालीवरच्या चिन्हाने करता येते, बुद्धिबळाने ती केवळ रंगावर भागवली. वंश आणि मुलूख यांवर ती टाकायचे कारण सोय हे नाही, सवय हे आहे.

तेव्हा निवडीची कसोटी अशी सुचवता येईल. आधी ती काल्पनिक फौज काय खाते, कशावर बसते, कुठल्या जमिनीवर लढते आणि तिचा पगार कोण देतो, हे विचारावे. त्याला जुळणारी इतिहासातली फौज शोधावी, मग ती कोणाचीही असो. दोन्ही पक्ष शक्यतो एकाच कप्प्यातून काढावेत. आणि जी फौज आपण खलपक्षाला दिली तिच्या घरच्यांनी हा पट पाहिला तर काय म्हणतील, हे एकदा मनाशी विचारून घ्यावे.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू बहुधा नसतोच. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजांवर, खाली वाणी, शेतकरी आणि गवळण. त्यात मुलांचा शहाणपणा आहे असे म्हणावेसे वाटते, पण ते अर्धेच खरे. शत्रू दिसत नाही तेव्हा तो प्रत्येकजण मनात रंगवतो, आणि मनातला रंग कोणाला तपासता येत नाही. यंदा किल्ला मांडताना तटाच्या आत एखादा अरब शिपाई उभा करावा, पायथ्याला एखादा शिलेदार आणि एखादा बारगीर ठेवावा. पोरांनी विचारले, हा आपला की त्यांचा, तर सीताबर्डीची आणि बंगालची, दोन्ही गोष्टी सांगाव्यात.