एका दांडीचे परीक्षण

मराठीत नाटकाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं, सिनेमाचं तर तो लागायच्या आधीच होतं. लग्नातल्या जेवणाचं परीक्षण हात धुता धुता उरकतं. व्यायामशाळेचं मात्र कुणी लिहीत नाही. कारण उघड आहे. ज्यांना लिहिता येतं ते तिकडं फिरकत नाहीत, आणि जे तिथं जातात त्यांच्याविरुद्ध लिहायची कुणाची छाती होत नाही. मी दोन्हीकडे थोडा थोडा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसभर खडू उचलला आणि संध्याकाळी पेठ बीडातल्या तालमीत लोखंड. तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात पडणार होतं.

विषय असा, की ही तालीम सोडावी की नाही? जालना रोडला एक नवी जिम झाली आहे आणि तिथं वजन उचलायचं सामान आमच्यापेक्षा चांगलं आहे. प्रश्न माझ्यापुरता असता तर प्रश्नच नव्हता. माझ्या वयात वजन उचलण्यापेक्षा ते न वाढू देण्यातच पुरुषार्थ आहे. पण माझी भाची अकरावीत आहे, तिला वेटलिफ्टिंगचा नाद लागला आहे, आणि पुढच्या स्पर्धेला जेमतेम दीड महिना उरला आहे.

आधी तालमीबद्दल. आत शिरताच शेंदराचा मारुती, मग खोबरेल तेलाचा वास, मग वस्ताद. भिंतीवर वजन उचलण्याच्या प्रकारांचा एक तक्ता आहे. त्यात प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे तीन प्रकार दाखवले आहेत. त्यातला प्रेस 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर स्पर्धेतून काढून टाकला. लोक उभ्याउभ्या वजन ढकलायच्या नावाखाली पाठीवर इतके आडवे व्हायला लागले, की हे उचलतायत का झोपतायत हे पंचांना कळेना. आमच्याकडे ही बातमी पोचली आहे, पण तक्त्यापर्यंत पोचलेली नाही.

तालमीत दांडी दोन प्रकारची. एक उचलायची आणि एक मारायची. दुसरीचा खप जास्त. पहिली म्हणजे पाण्याचा जाड पाइप. तो एका वेल्डरनं उधारीवर करून दिलेला आहे, आणि उधारी फिटली नसल्यानं मधला बाक सरळ करायला त्याला बोलावता येत नाही. वजनाच्या चकत्या सगळ्या वेगवेगळ्या घराण्यांतल्या. त्यातल्या दोन तर एका ट्रकच्या पोटातून निघालेल्या आहेत. ज्या चकत्यांवर वीस किलो लिहिलं आहे त्या दोन मी एकदा मोंढ्यात नेऊन आडत दुकानाच्या काट्यावर ठेवल्या. एक भरली साडेसतरा, दुसरी एकोणीस. तिथल्या हमालानं पन्नास किलोचं पोतं पाठीवर असतानाच मान वळवून ते पाहिलं आणि काही न बोलता पुढं गेला. इतकं नेमकं परीक्षण मला जमायचं नाही.

मी वस्तादांना आकडे सांगितले. ते म्हणाले, ‘‘गुरुजी, लोखंड ते लोखंड. तिकडचा किलो काय सव्वा किलोचा असतो व्हय?’’

तिकडचा किलो किलोचाच असतो, आपला पाऊण आहे, हे सांगायला माझी जीभ वळली नाही.

आता जिम. शिरताच गार वारा, मग आरसे, मग एक पोरगा ‘पॅकेज’ विचारतो. तालमीत महिन्याचे दोनशे, तेही वस्ताद मागत नाहीत. इथं बाराशे, आणि तेही आधी. गाणी अशी लागतात की छातीचे ठोके आपले का त्यांचे ते कळत नाही. पट्ट्यांवर माणसं चालत असतात. बीडमध्ये चालायला जागा कमी पडली म्हणावी, तर ही सगळी मंडळी घरून गाडीवर येतात. भिंतभर आरसे असल्यामुळे वजन उचलणाऱ्यापेक्षा केस सारखे करणारेच जास्त. साहित्यात याला आत्ममग्नता म्हणतात आणि तिच्यावर टीका करतात. इथं तिचे बाराशे घेतात.

पण कोपऱ्यात, लोकांनी टॉवेल वाळत घातलेला, एक रबरी चौथरा आहे आणि त्यावर एक खरी दांडी आहे. भाचीनं टॉवेल बाजूला केला, दांडीच्या टोकाला बोट लावलं, आणि ते टोक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘मामा, बघितलं का?’’

ज्यांना हे सामान्य वाटेल त्यांच्यासाठी थोडं मास्तरपण करतो. स्नॅच म्हणजे जमिनीवरचं वजन एका दमात डोक्यावर. वर जाताना मनगट उलटतं आणि मुठीतली दांडीही फिरते. टोकं सुटी असली तर दांडी आतल्या आत फिरते, चकत्या स्वस्थ लटकतात. टोकं जाम असली तर चकत्यांनाही गिरकी घ्यावी लागते, आणि त्यांची नाखुशी त्या मनगटावर काढतात. शिवाय बायकांची स्पर्धेतली दांडी वेगळीच असते. ती पंधरा किलोची आणि पंचवीस मिलिमीटर जाडीची; पुरुषांची वीस किलोची आणि अठ्ठावीस मिलिमीटरची. का, तर अंगठा बोटांखाली दाबून पकड घ्यायची असते. आमच्या पाइपाभोवती भाचीची बोटं अंगठ्यापर्यंत पोचतच नाहीत. ती गेले चार महिने उजव्या मनगटाला फडकं बांधून येते, आणि विचारलं तर म्हणते, ‘‘फॅशन हाय.’’

या दांडीमागं किती डोकं लागलं ते पाहा. स्वीडनमध्ये हाल्मस्टाडला एलेइको नावाचा कारखाना आहे. तो आधी विजेवर चालणारे वाफे भाजायचे साचे करायचा. तिथल्या एका देखरेख करणाऱ्या माणसाला वजन उचलायचा शौक. दांड्या वाकतात, मोडतात, याला तो कंटाळला आणि मालकाला म्हणाला, आपणच करू. 1957 साली त्यांनी पहिली दांडी केली. 1963 ला स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत त्यांची एकच दांडी सगळ्या स्पर्धेला पुरली, न वाकता. आमच्याकडं असा कुणी कुरकुरला असता तर त्याला मारुतीला नारळ फोडायला सांगितलं असतं.

तरी माझ्या मते मोठा मुद्दा फिरण्याचा नाही, पडण्याचा आहे. आमच्या तालमीत शहाबादी फरशी आहे. वजन टाकलं की फरशी जाते. म्हणून वस्तादांचा नियम, ‘‘जेवढं अल्लाद खाली ठेवता येतंय तेवढंच उचलायचं.’’ संसाराला हा नियम सोन्यासारखा आहे. मी त्यावरच निवृत्त झालो. पण या खेळात जे वजन सुटू शकतं तेच उचलून बघायचं असतं. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर, घरची पानटपरी सांभाळलेला पोरगा, 55 किलो गटात उतरला. स्नॅच 113, क्लीन अँड जर्क 135, एकूण 248. मग त्यानं 139 ला दोनदा हात घातला आणि दोन्ही वेळा वजन पडलं, कोपर दुखावलं. मलेशियाचा गडी 249 वर सोनं घेऊन गेला. एक किलो! आमच्या मोंढ्यातल्या काट्यावर एका चकतीतच अडीच किलोचा फरक निघतो. फरशी फुटेल म्हणून भाचीनं आजवर एकही वजन पाडलेलं नाही. म्हणजे ती किती उचलू शकते हे तिलाही ठाऊक नाही.

जुनं सोडून गेलं की माणूस बिघडतो, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्यात तरी हे कुणी म्हणू नये. दसरा झाला की आमची हजारो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. तिथं बाई तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तेही दिवसभर. तिला टाळ्या नाहीत आणि पदकही नाही. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याच्या तालमीत गेला आणि 2018 ला राष्ट्रकुलमध्ये 57 किलोत सोनं घेऊन आला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आधी फौजेत गेला, मग स्टीपलचेस शिकला. मीराबाई चानू लहानपणी सरपणाची मोळी उचलायची. पुढं गावाहून इंफाळला सरावाला जाताना ती वाळूच्या ट्रकमध्ये बसायची. टोकियोत 49 किलो गटात एकूण 202 किलो उचलून तिनं रौप्य घेतलं आणि गावी आल्यावर त्या ट्रकवाल्यांचा सत्कार केला. जालना रोडला जायला ट्रकसुद्धा लागत नाही, रिक्षा पुरते.

मग अडलंय कुठं? वस्तादांपाशी. ते सत्तरीला आले. तालमीत पोरी कधी येत नव्हत्या. भाचीसाठी त्यांनी पहाटे पाच ते सहा दार उघडलं, पंचांची कुरकुर ऐकून घेतली, आणि रोज ते तिच्या मागं हात पसरून उभे राहतात. मुंबईपर्यंतच्या कुठल्याही यंत्राला हे जमत नाही. नव्या जिममधल्या ट्रेनरला मी स्नॅच शिकवाल का विचारलं, तर त्यानं खाण्यापिण्याचा तक्ता दिला. म्हणजे एकीकडे दांडी आणि माणूस नाही, दुसरीकडे माणूस आणि दांडी नाही. परीक्षणात अशा वेळी ‘दोन्हींना आपापल्या मर्यादा आहेत’ असं लिहून सही करायची पद्धत आहे. पण मनगट मर्यादेनं बरं होत नाही. माझं मत जिमच्या बाजूनं पडलं. वस्तादांना सांगायचं काम मात्र मी आठवडाभर पुढं ढकललं, आणि शेवटी भाचीनंच एका दमात सांगून टाकलं.

वस्तादांनी टॉवेल खांद्यावर टाकला. म्हणाले, ‘‘गुरुजी, रिक्षा बोलवा.’’

गार वाऱ्यात धोतर आवरत ते आत आले. पॅकेजवाल्या पोराकडं त्यांनी पाहिलंच नाही. सरळ कोपऱ्यात गेले, वाकले, दांडीच्या टोकाला एक बोट लावलं आणि ती थांबेपर्यंत बघत बसले. मग त्याच बोटानं पुन्हा फिरवली.

‘‘ह्यात तेल कोन्तं घालतेत रं?’’ त्यांनी ट्रेनरला विचारलं.