मुक्त प्रणाली आणि बाह्य पडदा : एका निकषाची चिकित्सा

एखाद्या तत्त्वाचे सामर्थ्य त्याच्या घोषणेत नव्हे, तर त्याच्या अत्यंत सामान्य उपयोगात पारखले जाते. लॅपटॉपवर पूर्णतः मुक्त लिनक्स प्रणाली बसवावी, केबलने बाह्य मॉनिटर जोडावा, आणि आतला पडदा उजळलेला असताना बाहेरचा मात्र काळाच राहावा, हा अनुभव अशा उपयोगांपैकीच होय. ज्या अभ्यासकाला आपला प्रबंध सभागृहातील पडद्यावर मांडावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न गौण नाही.

द्रोणागिरीच्या परिसरात या प्रश्नास एक विशेष संदर्भ आहे. उरण तालुक्यातील सिडकोच्या या वसाहतीस लागूनच १९८९ मध्ये कार्यान्वित झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आहे, व परदेशी मालाच्या कंटेनरांची ये-जा येथे नित्याची आहे. देशात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपची विद्युत्-सुरक्षितता सक्तीच्या नोंदणी आदेशान्वये तपासली जाते; परंतु त्याच्या चित्रचिपेस कोणती बंद आज्ञावली लागते, हे विचारणारा स्तंभ त्या तपासणीत नाही. उणीव येथूनच सुरू होते.

काळ्या पडद्याचे कारण गूढ नाही. चित्रचिप चालविण्यास गाभ्यातील ड्रायव्हर पुरेसा नसतो. अनेक चिपांना चालू होतानाच फर्मवेअर, म्हणजे निर्मात्याने दिलेली व मूळ संहिता उघड नसलेली आज्ञावली, डिस्कवरून पुरवावी लागते. इंटेलच्या अनेक चिपा तिच्यावाचूनही दोन पडदे चालवितात. एएमडीच्या आधुनिक चिपांचा ड्रायव्हर मात्र तिच्याअभावी उभाच राहत नाही. मग संगणक सुरू होताना मिळालेल्या एकाच साध्या चित्रपटलावर काम भागवावे लागते. एनव्हिडियाने २०१४ च्या सुमारास आलेल्या मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून स्वाक्षरीयुक्त फर्मवेअरची अट घातली. ज्या लॅपटॉपांत दोन चिपा असतात, त्यांपैकी कित्येकांत एचडीएमआयची खोबण या दुसऱ्या चिपेस जोडलेली असते. आतला पडदा इंटेलवर चालतो व बाहेरचा चालत नाही, याचा उलगडा येथे होतो. डिस्प्लेलिंक पद्धतीच्या अनेक यूएसबी डॉकसाठी तर निर्मात्याची बंद आज्ञावलीच लागते. २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने एचडीएमआय २.१ ची मुक्त अंमलबजावणी नाकारल्याचे उघड झाले. म्हणजे अडसर चिपेपुरता नाही, मानकापर्यंत पोहोचला आहे.

आता निकषाचा विचार करावयाचा. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते मुक्त प्रणालीत बंद फर्मवेअर असता कामा नये. त्या दृष्टीने २००८ पासून लिनक्स-लिब्र हा निवडलेला गाभा सिद्ध केला जातो. परंतु हीच बंद आज्ञावली चिपेतच कायमची कोरलेली असेल, तर ती आक्षेपार्ह ठरत नाही. मजकूर तोच, केवळ स्थान भिन्न. एवढ्याने एक त्याज्य व दुसरी ग्राह्य कशी, असा आक्षेप स्वाभाविक आहे. त्यास उत्तर नाही असे नव्हे. जी आज्ञावली निर्मात्यासही बदलता येत नाही ती विद्युन्मंडलासारखीच समजावी. जी निर्माता बदलू शकतो परंतु मालक बदलू शकत नाही, तीत सत्तेची विषमता असते. हे समर्थन तर्कशुद्ध आहे. तथापि लिनक्स-लिब्रमध्ये फर्मवेअर मागणारी नावेही पुसली जातात. परिणामी वापरकर्त्याने स्वेच्छेने ती फाइल आणली तरी गाभा ती मागत नाही. येथे तत्त्वाचे रक्षण वापरकर्त्याच्या निवडीवर कुरघोडी करते, आणि निकष आपल्याच हेतूस अपुरा पडतो.

उलट टोकही निर्दोष नाही. २०२२ च्या मतदानानंतर डेबियनने अधिकृत प्रतिष्ठापन-प्रतींत बंद फर्मवेअर अंतर्भूत केले. सोय झाली, पण संजीवनी ओळखता न आल्याने अख्खा द्रोणागिरी उचलून आणण्याचाच हा प्रकार होय. कोणती फाइल कोणत्या खोबणीसाठी लागते, हे सामान्य वापरकर्त्यास कळेनासे झाले, आणि न कळलेल्या परावलंबनाविरुद्ध तक्रारही उरत नाही. पूर्णतः मुक्त प्रणालीचा काळा पडदा निदान हे परावलंबन दृश्य करतो. तिचे खरे मूल्य यातच आहे.

म्हणून दोष प्रणालीचा की यंत्राचा, या वादापेक्षा खरेदीच्या क्षणाकडे लक्ष वळविणे अधिक फलदायी ठरेल. भारत सरकारच्या २०१५ च्या मुक्तस्रोत धोरणाचा रोख ई-प्रशासनातील सॉफ्टवेअरवर आहे. यंत्राच्या खोबणीपर्यंत तो पोहोचत नाही. विद्यापीठीय विभागांना मात्र तेथवर पोहोचणे कठीण नाही. मागणीपत्रात चित्रचिपेचे नाव व खोबणीची जोडणी विचारावी, आणि स्वीकारण्यापूर्वी मुक्त प्रणालीचा पेनड्राइव्ह लावून बाह्य मॉनिटर उजळतो की नाही हे पाहावे. हा प्रयोग काही मिनिटांचा आहे. तो न केल्यास स्वातंत्र्याची चर्चा पुढेही काळ्या पडद्यासमोरच होत राहील.