साहाय्य आधी की मागाहून? : मराठी चित्रपट, शासकीय अनुदान आणि बोलीचा प्रश्न

मराठी चित्रपटास शासनाने द्रव्यसाहाय्य करावे की न करावे, हा प्रश्न आज फारसा वादाचा राहिलेला नाही. गेली पन्नासएक वर्षे या ना त्या स्वरूपात ते साहाय्य चालू आहे, आणि ते बंद करावे असे कोणताही पक्ष म्हणत नाही. परंतु हे साहाय्य कोणत्या वेळी मिळावे आणि ज्या 'मराठी'च्या नावाने ते दिले जाते ती मराठी कोणती, या दोन प्रश्नांचा विचार आपल्याकडे क्वचितच एकत्र झाला आहे. पहिला प्रश्न अर्थशास्त्राचा आणि दुसरा भाषाशास्त्राचा, अशी वाटणी करून आपण दोहोंतूनही मोकळे झालो आहोत. वस्तुतः हे दोन प्रश्न एकच आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मत पडताळून पाहण्यासाठी येथे युरोपीय राष्ट्रांच्या चित्रपटविषयक धोरणाचा आधार घेतला आहे.

आरंभी दोन चित्रपट डोळ्यांपुढे ठेवू. २०१४ सालासाठीच्या बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला मिळाला. त्याच वर्षी भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि स्थलध्वनिमुद्रणाचा पुरस्कारही याच चित्रपटाच्या वाट्यास आला. 'कोर्ट'च्या पटकथेला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचे साहाय्य लाभले होते. १९८८ साली स्थापन झालेल्या या निधीत युरोपातील सार्वजनिक पैशाचाही वाटा असतो. पुढील खर्चाचा भार एका खाजगी निर्मात्याने उचलला. 'ख्वाडा'साठी दिग्दर्शकाने स्वतःची शेतजमीन विकली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. दोन्ही चित्रपट मराठी समाजाच्या अंतरंगातून आलेले आहेत. परंतु ते अद्याप कागदावर होते तेव्हा जोखीम कोणी पत्करली, असे विचारले तर एकाचे उत्तर परदेशातील एक निधी आणि एक मित्रवत् निर्माता, दुसऱ्याचे उत्तर बापजाद्यांची जमीन, असे द्यावे लागते. महाराष्ट्र शासनाचे नाव या क्षणी कोठेच येत नाही. ते येण्याची योजनेत सोयच नव्हती.

आपल्या योजनांचा इतिहास याची साक्ष देतो. सत्तरीच्या दशकात राज्याने करपरताव्याची पद्धत सुरू केली. मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर जमा झालेला करमणूक कर निर्मात्यास परत मिळे. मात्र त्याने पुढील मराठी चित्रपट काढला पाहिजे, अशी अट असे. या पद्धतीचा गुण असा की, साहाय्याचे नाते प्रेक्षकाशी होते. दोष असा की, ज्याचा चित्रपट चालला त्यालाच ते मिळे आणि पहिला चित्रपट काढू पाहणाऱ्यास त्याचा उपयोग शून्य. पुढे परताव्याची जागा अनुदानाने घेतली. पूर्ण झालेला, प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट समितीने पाहावा, त्यास गुण द्यावेत आणि गुणांनुसार दर्जा ठरवावा, ही ती पद्धत. गेल्या दशकात 'अ' दर्जास ४० लाख आणि 'ब' दर्जास ३० लाख रुपये असे प्रमाण होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला. मराठी चित्रपटास त्या करातून जी सूट होती तिचा आधारच नाहीसा झाला, आणि तिकीट व साहाय्य यांमधील उरलासुरला धागाही तुटला. २०१५ साली बहुपडदा चित्रगृहांनी मराठी चित्रपटास मोक्याची वेळ द्यावी, असा आग्रह शासनाने धरला. तोही चित्रपट तयार झाल्यानंतरच्या अवस्थेविषयी होता. सारांश, परतावा, अनुदान, वेळेची सक्ती या तिन्ही उपायांत शासन भेटते ते मागाहून.

आता युरोपाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन चित्रपटांचा लोंढा तेथील चित्रगृहांत शिरला, तेव्हा फ्रान्सने १९४६ साली राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन केले आणि १९४८ पासून तिकिटावरील विशेष आकारणीतून चित्रपटनिर्मितीस साहाय्य देण्यास प्रारंभ केला. आज ही आकारणी तिकिटाच्या किमतीच्या १०.७२ टक्के आहे. तिचे मर्म असे की, ती अमेरिकन चित्रपटाच्या तिकिटावरही बसते, आणि जमलेला पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता चित्रपटाकडेच वळतो. बारामती-इंदापूरच्या वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. सहकारी साखर कारखाना उसाच्या बिलातून प्रतिटन कपात करतो, आणि त्या कपातीवर कधी कारखान्याचा विस्तार होतो, तर कधी शाळा-महाविद्यालये उभी राहतात. शेतकरी कुरकुरतो, पण ती शाळा आपली आहे हेही जाणतो. स्वीडनने १९६३ साली याच धर्तीचा करार केला: सरकारने करमणूक कर रद्द करावा आणि चित्रगृहांनी तिकिटाचे १० टक्के नव्या चित्रपट संस्थेस द्यावेत.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फ्रान्सचे १९५९ सालचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. आंद्रे माल्रो सांस्कृतिक मंत्री असताना 'उत्पन्नावरील आगाऊ रक्कम' ही पद्धत तेथे अमलात आली. समिती पटकथा वाचते आणि चित्रीकरणापूर्वीच पैसा देते. चित्रपटाने उत्पन्न मिळविले तर त्यातून तो परत फेडावयाचा. न मिळविले तर ती जोखीम समाजाची. म्हणजे येथे समाज निर्मात्याच्या शेजारी उभा राहतो, निकाल लागल्यावर हार घेऊन येत नाही. या पद्धतीने प्रत्येक वेळी थोर चित्रपट दिले, असा दावा कोणी करीत नाही. समितीच्या अभिरुचीस ओळखून लिहिलेल्या पटकथा, अनुदानावर पोसलेले आणि प्रेक्षकांनी न पाहिलेले चित्रपट, हे आक्षेप युरोपात सतत घेतले गेले आहेत आणि त्यांत तथ्य आहे. तथापि, ज्याच्यापाशी विकण्यास काही नाही त्यालाही पहिला चित्रपट काढता येण्याची शक्यता या पद्धतीने निर्माण केली, हे नाकारता येत नाही.

साहाय्य कोणत्या नावाने द्यावे, या बाबतीतही युरोपाचा अनुभव उद्बोधक आहे. ब्रिटनमध्ये १९५० पासून सर विल्फ्रिड ईडी यांच्या नावाने ओळखली जाणारी तिकीट-आकारणी होती. ती १९८५ साली संपली. तेथे 'ब्रिटिश' चित्रपटाची व्याख्या मुख्यतः खर्च कोठे झाला आणि काम कोणी केले यावर बेतलेली होती. परिणामी ब्रिटनमध्ये चित्रीकरण करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या चित्रपटांनाही त्या निधीचा मोठा लाभ झाला. पाटी बरोबर होती, हेतू मात्र हुकला. याउलट स्पेनमधील एका कायद्याने दूरचित्रवाणी कंपन्यांनी उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम युरोपीय चित्रपटांवर खर्चावी, आणि तीतील ६० टक्के स्पेनच्या अधिकृत भाषांपैकी एखादी मूळ भाषा असलेल्या चित्रपटांवर खर्चावी, असे बंधन घातले. युरोपीय न्यायालयाने ५ मार्च २००९ रोजी ते मान्य केले. भाषा आणि संस्कृती अंगभूतपणे निगडित आहेत. भाषेच्या संवर्धनासाठी केलेल्या तरतुदीस आणखी निराळे सांस्कृतिक निकष जोडण्याची गरज नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. २०१३ सालच्या युरोपीय आयोगाच्या निवेदनात सार्वजनिक साहाय्यास सामान्यतः खर्चाच्या ५० टक्क्यांची मर्यादा घातली आहे; परंतु 'अवघड' कृतींना ती लागू नाही, आणि लहान भाषाक्षेत्रातील चित्रपट, पहिला व दुसरा चित्रपट, अल्पखर्ची चित्रपट यांची गणना अवघड कृतींत होऊ शकते. भाषा जितकी अडचणीत तितका समाजाचा वाटा अधिक, हे येथील तत्त्व.

मराठी ही लहान भाषा नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार ती ८.३ कोटी लोकांची मातृभाषा आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु 'मराठी' या एका नावाखाली जे बोलले जाते ते एकविध नाही, आणि चित्रपटात ऐकू येण्याची संधी सर्व बोलींस सारखी मिळालेली नाही. पुणे जिल्ह्यातच पाहा. शिरूर-जुन्नरकडे ऐकू येणारे 'मपलं-तुपलं' सर्वत्र आढळत नाही. आणि आपण पूर्वेस इंदापूर मागे टाकून भीमेपलीकडे गेलो की 'करतोय'च्या जागी 'करायलाय' कानी पडू लागते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाच्या एका काठास इंदापूर आणि दुसऱ्या काठास करमाळा तालुका आहे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) या करमाळ्याच्या मुलखात घडतो. तो पाहून आलेली इंदापूरची एक विद्यार्थिनी वर्गात म्हणाली, "सर, हे आमच्या मामाच्या गावचं बोलणं आहे." तोवर ते बोलणे चित्रपटात येऊ शकते, असे तिला वाटलेच नव्हते. ग्रामीण मराठी म्हणून पडद्यावर पूर्वापार जी भाषा चालत आली ती बव्हंशी संवादलेखकांनी घडविलेली, कोठेच न बोलली जाणारी ग्रामीण भाषा होती. हशा पिकविणे हे तिचे मुख्य काम. 'सैराट'मधील मुलगी त्याच ढंगात प्रेम करते, रागावते, हुकूम सोडते. बोली येथे विनोदाचे साधन राहिलेली नाही. ती पात्राच्या मनाची भाषा झाली आहे. 'ख्वाडा'तील धनगर कुटुंबाच्या बोलण्याचेही तेच. त्याच्या स्थलध्वनिमुद्रणास मिळालेला पुरस्कार म्हणूनच मला केवळ तांत्रिक वाटत नाही. माणसे जेथे बोलली तेथेच त्यांचा आवाज टिपला गेला, याची ती पावती आहे.

येथे कोणी म्हणेल की, 'सैराट' शंभर कोटींच्या घरात गेला. मग बोलीस साहाय्याची गरज काय? याचे उत्तर असे की, 'सैराट'च्या आधी 'फँड्री' आहे आणि 'फँड्री'च्या आधी 'पिस्तुल्या' हा लघुपट आहे. यशाची पायरी दिसते, पहिली पायरी दिसत नाही. बारामती तालुक्याचे उदाहरण घ्या. नीरा डाव्या कालव्याखालील बागायतदाराने एखादा एकर विकावयाचे ठरविले तर त्यातून काही उभे राहील. त्याच तालुक्याच्या जिरायत भागातील शेतकऱ्याच्या जमिनीस तो भाव नाही; आणि मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्यास विकावयास जमीनच नाही. अनुदान जर चित्रपट पूर्ण झाल्यावरच मिळणार असेल, तर ज्यांची बोली आजवर ऐकू आली नाही तेच नेमके त्या अनुदानापर्यंत पोहोचू शकणार नाहीत. काळाचा निकष हाच अशा रीतीने भाषेचा निकष होऊन बसतो. कोणी ठरवून कोणतीही बोली वगळीत नाही. साहाय्याची वेळच तिला वगळते.

आश्चर्य असे की, बोलींवर सार्वजनिक पैसा खर्च करणे ही गोष्ट आपल्या राज्यास अपरिचित नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ साली सरकारी खर्चानेच निघाला, आणि त्यात एकाच दृष्टांतकथेचे निरनिराळ्या बोलींतील नमुने दिलेले आहेत. अलीकडे डेक्कन महाविद्यालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण हाती घेतले, तेही राज्याच्याच पैशाने. म्हणजे शासनाचा एक हात बोलींचे नमुने जमवितो आणि दुसरा हात चित्रपटास गुण देताना बोलीकडे पाहतही नाही. सर्वेक्षकाच्या प्रश्नास दिलेले उत्तर आणि भांडणात, लग्नात, बाजारात सहज आलेले वाक्य यांत केवढे अंतर असते, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. चित्रपटातील वाक्यही लिहिलेले असते, हे खरे. परंतु ज्या समाजाची ती बोली, त्याच समाजातील लेखक आणि नट असतील तर तो नमुना सहसा खोटा ठरत नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, अनुदानाच्या रकमेचा काही भाग पटकथेच्या अवस्थेत, पहिल्या व दुसऱ्या चित्रपटासाठी, उत्पन्नातून परत फेडावयाची आगाऊ रक्कम म्हणून द्यावा. दुसरी, पटकथा वाचणाऱ्या समितीत त्या त्या बोलीचा जाणकार असावा, आणि समितीने मुंबईतच बसावे असा दंडक नसावा. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील काउतोकेइनो या छोट्याशा गावी सामी भाषिकांची चित्रपटसंस्था चालते, तर सोलापूरला किंवा बारामतीला एक बैठक भरणे अशक्य नाही. तिसरी गोष्ट पैशाच्या उगमाची. २०१६ सालच्या एकशेएकाव्या घटनादुरुस्तीने करमणुकीवरील कराचा अधिकार पंचायती, नगरपालिका यांसारख्या स्थानिक संस्थांपुरता शिल्लक ठेवला आहे. आणि कर्नाटकाने २०२४ साली चित्रपट व सांस्कृतिक क्षेत्रातील कामगारांच्या कल्याणासाठी तिकिटांवर १ ते २ टक्के उपकराचा कायदा केला. हेतू निराळा असला तरी मार्ग मोकळा आहे, हे त्यावरून दिसते.

या सूचनांत धोके आहेत. आगाऊ दिलेले काही पैसे बुडतील. बोलीचे सोंग आणून पैसे उपटणारेही निघतील. कापसाचे, उसाचे, दुधाचे साहाय्य या धोक्यांपासून मुक्त होते असे नाही, आणि म्हणून आपण ते बंद केले नाही. बुडालेल्या पैशाचा हिशेब निदान मांडता येतो. जी पटकथा चित्रपट झालीच नाही आणि जी बोली त्यामुळे ऐकू आलीच नाही, तिचा हिशेब कोणत्याही वहीत लागत नाही. तो मांडणे हे भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे. ते केवळ हिशेबनिसांवर सोपवून चालणार नाही.